“लस नको, बाई!” : महामारीनंतर पालकांच्या मनात काय चाललंय?



मुलं दहा वर्षांची आणि सोळा वर्षांची झाली की त्यांना टीडीची लस द्यायची असते. धनुर्वात आणि घटसर्प या दोन आजारांपासून ती वाचवते. आरोग्य केंद्राचं पथक शाळेत येतं, आपण आदल्या आठवड्यात संमतीपत्रं वाटतो, मुलं सही घेऊन येतात, अर्ध्या तासात काम होतं. माझ्या नोकरीची बरीच वर्षं हे असंच चाललं. कोणी “कसली लस?” असंही विचारत नसे.

महामारीनंतर पहिल्यांदा मी पाचवीच्या वर्गात ही पत्रं वाटली तेव्हा नऊ कागद सहीविना परत आले. एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, “लस नको.” एका मुलाने सांगितलं, “बाई, पप्पा म्हणाले, सुई दिसली की घरी पळून ये.”

मला राग आला. मी वर्गात सगळ्यांदेखत म्हटलं, “उद्या सही आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही.” दुसऱ्या दिवशी सही तर आली नाहीच, पण त्या नवांपैकी चार मुलं शाळेतच आली नाहीत. लस राहिली बाजूला, अभ्यासही बुडाला. चूक माझी होती. ती सुधारताना जे समजलं ते इथे लिहिते आहे. आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव आला असेल किंवा पुढे येईल.

शेलूचा वर्ग

शेलू म्हणजे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. जुनं गाव, भातशेती, डोंगराच्या अंगाला ठाकर-कातकरी वाड्या, आणि आता भोवताली नव्या इमारती. पहाटेची लोकल पकडून ठाणे-मुंबईला जाणारे पालक आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे पालक, दोघांचीही मुलं एकाच वर्गात बसतात. त्यामुळे “पालक लसीला का घाबरतात?” या प्रश्नाचं एकच उत्तर इथे मिळत नाही. मी नऊही घरी गेले. नऊ घरांत मला चार वेगवेगळी कारणं सापडली.

१) “तेव्हा पाससाठी घेतली, आता कशाला?”

पहिलं घर रोज लोकलने जाणाऱ्या वडिलांचं. ते म्हणाले, “मॅडम, कोरोनाची लस मी मनाने घेतलीच नव्हती. दोन डोस असल्याशिवाय पास मिळत नव्हता. नोकरी जात होती.”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी सुरू झाली ती दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठीच. त्या काळी ते गरजेचं वाटलं आणि त्याने लसीकरणाचा वेगही वाढला. पण पाससाठी घेतलेल्या लसीने मनातली शंका जात नाही, ती आत दबून राहते. २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आणि दबलेली शंका वर आली. “आता कोणी जबरदस्ती करणार नाही ना? मग नको.” आणि नेमकं तेव्हाच मी वर्गात उभी राहून पुन्हा जबरदस्तीच करत होते!

२) “मोबाइलवर आलंय ते खोटं कसं असेल?”

दुसऱ्या घरात एक तरुण नातेवाईक अचानक गेला होता. क्रिकेट खेळताना छातीत दुखलं आणि संपलं. घरच्यांच्या मनात बसलं की हे लसीमुळेच. मोबाइलवर तसे व्हिडिओ रोज येतच होते.

अशा घरात “अफवांवर विश्वास ठेवू नका” असं म्हणणं म्हणजे त्यांच्या दुःखाला अफवा म्हणण्यासारखं आहे. मी आधी ऐकून घेतलं. मग सांगितलं की हाच प्रश्न भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेलाही पडला होता. त्यांनी देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. ७२९ मृत्यू आणि त्यांच्याशी तुलनेसाठी २,९१६ जिवंत व्यक्ती घेतल्या. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोरोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत, घराण्यात असा अचानक मृत्यू आधी झालेल्यांत, आणि मृत्यूच्या आदल्या एक-दोन दिवसांत अति मद्यपान किंवा अति दमवणारा व्यायाम केलेल्यांत.

२०२४ मध्ये आणखी एक बातमी आली. कोविशिल्ड ज्या मूळ लसीवरून बनली, तिच्या कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात मान्य केलं की फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात. लोक हादरले. खरं तर ही गोष्ट २०२१ मध्येच शास्त्रज्ञांनी जाहीर केली होती. हा त्रास लाखात एखाद्या-दुसऱ्याला, आणि तोही डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेल्याने आज त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. पण पालकांना हे सांगताना “काहीच होत नाही” असं म्हणू नका. “क्वचित होतं, किती क्वचित ते सांगते,” असं म्हणा. एकदा “काहीच होत नाही” म्हटलं आणि एक जरी प्रकार पेपरात आला, की आपलं पुढचं कोणतंच बोलणं कोणी ऐकत नाही.

३) “घटसर्प? तो कुठे असतो आता?”

तिसऱ्या घरातली आई चांगली शिकलेली. तिने घटसर्प झालेलं मूल कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही. आमच्या आजीने पाहिलं होतं. घशात करडा पडदा धरतो, मूल गुदमरतं. डांग्या खोकल्याने निळं पडणारं बाळ, धनुर्वाताने धनुष्यासारखी वाकलेली बाळंतीण, हे शब्द आपल्या भाषेत आहेत कारण ते आजार घराघरात होते. आता शब्द उरले, आजार दिसेनासे झाले.

लसीची हीच अडचण आहे. लस चांगली चालली की काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही ते दिसत नाही. औषधाने ताप उतरतो तेव्हा आपण डॉक्टरांचे आभार मानतो. न आलेल्या तापाबद्दल कोण कोणाचे आभार मानणार?

४) नकार नव्हे, गैरहजेरी

उरलेली घरं वाडीवरची. तिथे मला वाटलं होतं की देवऋषी, अंधश्रद्धा असं काही ऐकायला मिळेल. तसं काहीच नव्हतं. एक आई म्हणाली, “बाई, सही कोन करणार? मालक भट्टीवर. मला लिवता येत नाही. आनि पोराचं कार्ड मागच्या पावसात भिजून गेलं.”

मुकादमाकडून उचल घेतली की कुटुंब दिवाळीनंतर निघतं ते पावसाच्या तोंडावर परत येतं. बाळाचा नऊ महिन्यांचा डोस गावात नोंदलेला असतो आणि बाळ भट्टीवर असतं. भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत त्याचं नाव नसतं. ही आई लसविरोधी नाही. तिच्यापर्यंत आपण पोहोचलेलो नाही. तिला “अडाणी” म्हणून आपण मोकळे होतो आणि खरं कारण तसंच राहतं.

जगात काय दिसलं?

२०२३ मध्ये युनिसेफने एक मोठा अहवाल काढला. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत जगातल्या ६ कोटी ७० लाख मुलांचे नेहमीचे डोस पूर्णपणे किंवा अंशतः चुकले होते. ५५ देशांतल्या लोकांना “मुलांसाठी लस महत्त्वाची वाटते का?” असं विचारलं, तेव्हा ५२ देशांत महामारीनंतर तो विश्वास घसरलेला दिसला. ज्या तीन देशांत तो टिकला किंवा वाढला ते देश म्हणजे चीन, मेक्सिको आणि भारत.

म्हणजे आपल्या लोकांचा लसीवरचा विश्वास एकूणात उडालेला नाही. तरीही २०२१ मध्ये भारतात सुमारे २७ लाख बाळांना पेंटाव्हॅलंटसारख्या लसीचा एकही डोस मिळाला नव्हता. २०२२ मध्ये हा आकडा ११ लाखांपर्यंत खाली आला. विश्वास आहे, पण डोस नाही, हे कसं? कारण टाळेबंदीत सत्रं बंद पडली, आशाताई आणि सिस्टर कोरोनाच्या कामाला जुंपल्या गेल्या, आणि माणसं दवाखान्याच्या पायरीलाही घाबरू लागली. आपण शिक्षकही तेव्हा “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होतो, आठवतंय ना? घराघरात ताप मोजला, पण पाळण्यातल्या बाळाचं कार्ड बघायचं कोणाला सुचलं नाही.

गोवराने हिशेब मागितला

हे चुकलेले डोस पुढे कुठे दिसले? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ पसरली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण वाढले. लहान मुलं दगावली. केंद्राचं पथक मुंबईत आलं. साथीच्या भागात नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. भिवंडी आपल्यापासून फार लांब नाही, आणि आपल्या वाड्यांतली कुटुंबं त्याच बाजूच्या भट्ट्यांवर जातात.

गोवर म्हणजे “पुरळ येतं आणि जातं” एवढंच आपण समजतो. “गोवर बाहेर पडू दे, औषध देऊ नका, कडुलिंबाचा पाला ठेवा,” असं अजूनही सांगितलं जातं. कडुलिंब ठेवायला हरकत नाही. पण गोवरात न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जाऊ शकतात. म्हणून डॉक्टर ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात. शिवाय शरीराने इतर जंतूंविरुद्ध कमावलेली ताकदही गोवर पुसून टाकतो. त्यामुळे बरं झालेलं मूल पुढे बरेच महिने सारखं आजारी पडत राहतं.

वर्गात करून पाहा : चिंचोक्यांचा पाठ

पाचवी ते आठवीच्या मुलांना हे सहज समजतं.

गोवराचा एक रुग्ण, कोणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना आजार देतो. आपण १५ धरू. फळ्यासमोर एक चिंचोका ठेवा. त्याच्यापुढे १५, मग प्रत्येकापुढे १५. १, १५, २२५. तिसऱ्या रांगेत पिशवीतले चिंचोके संपतात आणि मुलं हसायला लागतात.

आता विचारा : “पंधरांपैकी किती जणांना संरक्षण असलं तर साथ वाढणार नाही?” मुलं थोड्या वेळात सांगतात, चौदा. मग एकाकडून एकालाच जाईल आणि हळूहळू थांबेल. पंधरात चौदा म्हणजे सुमारे ९३ टक्के. लस शंभर टक्के मुलांत लागू पडत नाही म्हणून शासन ९५ टक्के म्हणतं. तो आकडा कोणी हवेतून आणलेला नाही. तो आपल्या पाचवीच्या गणितातून निघतो.

दुसरं गणित पालकसभेसाठी. “लस घेतलेल्यांनाही आजार होतोच की!” असं कोणी म्हणालं की हे मांडा. गावात २०० मुलं. १८० जणांनी गोवराचे दोन्ही डोस घेतले, २० जणांनी एकही नाही. दोन डोस सुमारे ९७ टक्के मुलांना वाचवतात, म्हणजे १८० पैकी पाचेक मुलं उघडी राहिली. साथ सगळ्यांपर्यंत पोहोचली तर आजारी २५, त्यात लस घेतलेले ५. गावात चर्चा होणार ती या पाचांची. पण नीट पाहा : न घेतलेल्या २० पैकी २०, आणि घेतलेल्या १८० पैकी ५.

तिसरा उपक्रम घरी करायचा. आजी-आजोबांच्या दंडावर मोठा गोल व्रण शोधा. तो ‘देवी’ टोचल्याचा. मग स्वतःच्या डाव्या दंडावर पाहा, लहान व्रण दिसेल, तो बीसीजीचा. आजीचा व्रण तुमच्या आई-बाबांच्या दंडावर का नाही? कारण भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९८० मध्ये जगातून तो आजार गेल्याचं जाहीर झालं आणि ती लस द्यायची गरजच संपली.

ही भीती आजची नाही

देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हाही लोक घाबरले होते. देवीचा कोप सुईने कसा टळेल, असा प्रश्न होता. पुढे गावोगाव फिरणाऱ्या लस टोचणाऱ्याला लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणू लागले.

मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली सोल्जर घराघरात घुसत होते, माणसांना ओढून नेत होते. लोकांचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

आणि त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडही लोकांना दवाखान्यात नेत होता, सावित्रीबाईही नेत होत्या. एकाला लोक घाबरले, दुसरीच्या मागे गेले. आपण सगळे शिक्षक सावित्रीबाईंचा फोटो शाळेत लावतो. मी मात्र वर्गात “सही आणल्याशिवाय बसायचं नाही” म्हणाले, तेव्हा नकळत दुसऱ्या बाजूला उभी होते.

मग काय केलं?

सगळ्यात आधी मुलांची वर्गासमोर माफी मागितली. लस आणि वर्गात बसणं यांचा संबंध नाही, हे स्पष्ट सांगितलं. अनुभवातून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्याही शाळेत उपयोगी पडतील.

• संमतीपत्राआधी पालकसभा घ्यावी. सिस्टर आणि आशाताईंना बोलवावं. कोणती लस, कशासाठी, त्रास काय होऊ शकतो (सुई टोचल्या जागी दुखणं, थोडा ताप), आणि कोणत्या मुलाला त्या दिवशी देऊ नये, हे त्यांनीच सांगावं.

• “कोरोनाची लस” आणि “टीडी” यात पालकांचा गोंधळ होतो. सभेत पहिलं वाक्य हेच असावं : ही वेगळी लस आहे.

• लस दिल्यावर मुलांना अर्धा तास बसवून ठेवावं. काहींना सुईच्या भीतीनेच चक्कर येते. उपाशी मूल रांगेत उभं करू नये.

• भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीआधी आशाताईंना द्यावी. शाळेत कोण गैरहजर राहणार हे आपल्याला आधी कळतं. त्या मुलांच्या घरी पाळण्यात कोण आहे, तेही कळतं. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कार्ड भिजलं तरी नोंद राहते.

• चुकलेला डोस म्हणजे संधी गेली असं नाही. राहिलेले बहुतेक डोस उशिरा देता येतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. ही एक गोष्ट ऐकून बऱ्याच आयांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्यांना सिस्टर रागावतील याची भीती होती.

• ज्या घरात मृत्यू झाला आहे तिथे आधी बसावं, चहा घ्यावा, आकडे नंतर.

पुढच्या तारखेला नवांपैकी सात मुलांनी लस घेतली. वाडीवरच्या आईने अंगठा दिला आणि स्वतः येऊन मुलाचा हात धरून उभी राहिली. पाससाठी लस घेतलेले वडील सही करताना म्हणाले, “या वेळेला तुम्ही विचारलंत म्हणून करतोय.” दोन घरांनी नाहीच म्हटलं. त्यातलं एक तेच, जिथला तरुण गेला. त्यांची मुलगी आजही माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसते. तिच्याभोवतीच्या बाकांवरच्या मुलांनी लस घेतली आहे, पण मी तेवढ्यावर निश्चिंत नाही. धनुर्वात एकाकडून दुसऱ्याला होत नाही. तो मातीतून, जखमेतून येतो. तिथे शेजाऱ्याची लस कामाची नाही. म्हणून मी त्या घरी अधूनमधून जाते. लसीचा विषय दर वेळी काढत नाही.

आपल्या शाळेत असं घर असेल तर त्यांच्यासाठी दार उघडं ठेवा. आणि पालकहो, मनात शंका असेल तर ती सहीच्या कागदावर “नको” लिहून संपवू नका. शाळेत या, आम्हाला विचारा, सिस्टरना विचारा. प्रश्न विचारणाऱ्या पालकाचा आम्हाला राग येत नाही. निदान आता तरी नाही.